रफूवालीचं भिंग

गालिचा दुरुस्त करणाऱ्याचं काम चांगलं झालं की नाही, हे ओळखायची एकच खूण असते. चांगलं झालेलं काम दिसत नाही. रफूवालीने असं न दिसणारं काम अठरा वर्षं केलं. मोठ्या शहरातल्या गालिच्यांच्या एका दुकानामागे लांबट, बिनखिडकीची खोली होती. तिथे दिव्याखाली गालिचा पसरून ती त्याच्यावर वाकलेली असायची. कुठे सिगारेटने जळलेलं, कुठे उंदराने कुरतडलेलं, कुठे कपाटाच्या पायाखाली वर्षानुवर्षं दबून झिजलेलं. ती जुळत्या रंगाची लोकर शोधायची, मूळ विणकराचा हात कसा चालला असेल त्याचा अंदाज घ्यायची आणि भोक असं भरायची की गिऱ्हाईक गालिचा उलटसुलट करून विचारायचं, "अहो, पण फाटलं होतं कुठे?"

तिची मुलगी शाळा सुटली की तिथेच यायची. मुलगी तीन वर्षांची असतानाच नवरा वेगळा होऊन दूर निघून गेला होता, घरी कुणी नव्हतं. पाच वर्षांच्या पोरीला गुंतवून ठेवायचं म्हणून रफूवालीने एक खेळ काढला.

"शोध," ती म्हणायची.

की पोरगी गालिच्यावर पालथी पडायची. गाल लोकरीला टेकवून, एक डोळा मिटून, शेतावरून वारा जावा तशी नजर पार पलीकडच्या कडेपर्यंत न्यायची. बराच वेळ शांतता. मग एकदम, "सापडलं!" आणि तिचं बोट नेमकं रफूवर असायचं. रफूवाली कपाळावर हात मारायची, कात्री घ्यायची आणि सगळं उसवून पुन्हा सुरुवात करायची. ज्या दिवशी पोरीला सापडायचं नाही, त्याच दिवशी गालिचा दुकानात पुढे जायचा.

दुकानाचे मालक ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडे दोन कारागीर आहेत. एक रफू करते, दुसरी मोडते. पगार एकीलाच देतो म्हणून परवडतं." पोरीचं नाव त्यांनी भिंग ठेवलं. पुढे रफूवालीचे भाऊ-वहिनीही तिला भिंगच म्हणू लागले.

नऊ वर्षांची असताना भिंगाने एकदा "नाही सापडलं" म्हटलं आणि चार दिवसांनी गालिचा परत आला. गिऱ्हाइकाच्या सासूला रफू दिसलं होतं. मालकांनी दोघींना समोर उभं करून झाडलं. घरी जाताना रफूवालीने विचारलं, "तुला दिसलं नव्हतं का गं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"तू परत उसवलं असतंस. सकाळपासून जेवली नव्हतीस."

रफूवाली भर रस्त्यात उभी राहिली. रागवावं की जवळ घ्यावं, तिला काही सुचेना. पण त्या दिवशी एक गोष्ट तिच्या ध्यानात येऊन बसली. भिंग खोटं बोलायच्या आधी तिची नजर असायची तिथेच थबकते, मग सावकाश वर उचलली जाते आणि मग ती "नाही" म्हणते. थबकणं पापणी लवेपर्यंतचं. पण धाग्याधाग्यावर नजर ठेवण्यात जिची हयात गेली, तिला ते कळायला कितीसा वेळ! त्यानंतर नजर अशी थबकली की भिंग "नाही" म्हणाली तरी रफूवाली कात्री उचलायची, आणि दोघी हसत सुटायच्या.

एके वर्षी दुकानात दुरुस्तीला एक जुनं विणलेलं चित्र आलं, भिंतीवर टांगायचं, पुरुषभर उंचीचं. त्यात ना कथा होती ना माणसं. नुसतं पाण्यावर पडलेलं ऊन. रफूवालीने चार महिने त्याच्यावर काम केलं. उभ्या मागावर, मागच्या बाजूला बसून, खालून वर ते विणत नेलेलं होतं. विणणाऱ्याला चित्राची पाठच दिसत राहिली असणार. हे ध्यानात आल्यापासून तिला चैन पडेना. तिने मोडक्या खाटेची चौकट भिंतीला टेकवून तिच्यावर सूत ताणलं आणि वीतभर विणून पाहिलं. मग हातभर. पण माग हवा तर उंच हवा, आणि घर दोन खोल्यांचं. माग उभा केला असता तर माणसांना जिन्यात झोपावं लागलं असतं.

लोकर आणायला ती वर्षातून एकदा एका लहान शहरात जायची. तिथे एका गल्लीत तिला बंद गॅरेज दिसलं. उंच छत, उत्तरेला मोठी खिडकी, शटरवर खडूने "भाड्याने देणे". बाजूने लोखंडी जिना, वर एक खोली. मोठ्या शहरात जेवढ्या भाड्यात खाट मावत नव्हती, तेवढ्यात इथे माग मावत होता, वर राहायला जागाही होती. ती परतीच्या बसमध्ये बसली ती गॅरेज डोक्यात घेऊनच.

भावाने ऐकलं आणि हसू दाबलं. "या वयात लोक दात बसवतात. तू माग बसवणार?"

"मग विणून करायचं काय?" वहिनी म्हणाली. "अंथरायचं की पांघरायचं?"

"टांगायचं."

"टांगायचं," वहिनी भावाकडे वळून म्हणाली. "ऐकलंत ना? टांगायचं म्हणे."

प्रश्न भिंगाचा होता. ती सोळा वर्षांची होती, मोठ्या परीक्षेला दोन वर्षं उरली होती आणि अधेमधे कॉलेज बदलणं शहाणपणाचं नव्हतं. मामा-मामी ठेवून घ्यायला तयार होते. एका रविवारी भिंग टेबलाशी बसून वहीत आकृती काढत होती. रफूवाली तिच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तू नको म्हणालीस ना, तर मी नाही जाणार. खरंच सांगते."

भिंगाची नजर पेन्सिलीच्या टोकावर होती. ती तिथेच थबकली. मग वर आली.

"जा ना," भिंग म्हणाली. "दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे. मग मी येईनच की तिकडे."

रफूवालीने ते पाहिलं. मग तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, "शहाणी माझी ती," म्हणाली आणि उठून बॅगा माळ्यावरून काढायला लागली.

लहान शहरातलं पहिलं वर्ष तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं. हे नंतर आठवलं की तिला लाज वाटायची, पण होतं ते होतं. गल्ली साधी. एकीकडे सायकली दुरुस्त करणारा, पलीकडे किल्ल्या बनवणारा, आणि मागच्या घरात घरमालकीणबाई. त्या निवृत्त टायपिस्ट होत्या आणि बोलायच्याही तशाच, न थांबता, ओळ संपली की श्वास. मागासाठी सुतार बोलावला. त्याने दोन खांब तासले, वरचा रूळ तासला, खालचा तासला आणि तिसऱ्या दिवशी रंधा खाली ठेवून विचारलं, "ताई, राग मानू नका. हे दार आहे की फाशी?"

"माग आहे."

"मग आधी सांगायचं ना! मी दोन दिवस जीव मुठीत धरून काम करतोय."

सूत ताणून झालं तेव्हा गॅरेजमध्ये पाऊस थांबवून ठेवल्यासारखं दिसत होतं. उभे धागे, शेकडो, छतापासून जमिनीपर्यंत. रफूवाली त्यांच्या मागे जमिनीवर बसली. पुढची बाजू दिसावी म्हणून समोरच्या भिंतीला तिने मोठा आरसा टेकवला.

"आरसा कशाला?" घरमालकीणबाई म्हणाल्या. "एकटी बाई, नटणार कुणासाठी?"

"उलट्या बाजूने विणते ना, चुकलं तर कळायला हवं."

"चुकलं तर आरसा सांगतो? आमच्या ऑफिसात साहेब सांगायचे. बरं, वरची खोली मोठी आहे हं, त्यात तू एकटीच?"

"मी खालीच झोपते, मागाजवळ. वर माझी मुलगी येणार आहे."

"कधी?"

"परीक्षा झाली की."

आठवड्यातले दोन दिवस ती लोकांचे कोट, पडदे, शाली रफू करायची, त्यात भाडं आणि जेवण भागायचं. बाकीचे पाच दिवस तिचे स्वतःचे. तिने विणायला घेतली ती दुकानामागची खोली. दिव्याचा पिवळा गोल, त्यात पसरलेला गालिचा आणि त्याच्यावर पालथी पडलेली एक मुलगी, गाल टेकवून. चित्र खालून वर वाढत गेलं तशी तिची बैठकही वर चढत गेली. आधी जमीन, मग पाट, मग स्टूल, मग दोन स्टुलांवर फळी. विणीवर फणी मारल्याचा ठक ठक आवाज गल्लीच्या इतका सवयीचा झाला की तो थांबला की सायकलवाला डोकावून विचारायचा, "ताई, बरं आहे ना?"

सुरुवातीला ती दर महिन्याला मोठ्या शहरात जायची. भावाच्या दिवाणखान्यात पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेला टेकायची. भिंगाचा क्लास असायचा, मैत्रीण असायची, उद्या काहीतरी सबमिट करायचं असायचं. "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." मामीने एकदा कौतुकाने सांगितलं, "आमची भिंग अगदी गुणी हं. काही मागत नाही." पुढे चित्र दिव्याच्या गोलापर्यंत पोचलं, काम जिकिरीचं झालं, आणि दर महिन्याचं जाणं दोन महिन्यांवर गेलं. मग तीनवर.

परीक्षा झाली. निकाल लागला. एका दुपारी फोन आला तेव्हा रफूवाली विणलेल्या मुलीचं कोपर विणत होती.

"आई, मला इथेच ॲडमिशन मिळाली. हॉस्टेलपण मिळालं."

"इथे म्हणजे?"

"इथेच गं. तिकडे माझ्या विषयाचं काही नाही ना. मी सुट्टीत येईन की."

"हो, हो. छानच झालं," रफूवाली म्हणाली आणि फोन ठेवून विणत राहिली. हात आपोआप चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर कोपरापाशी बोटभर लांबीचा उंचवटा. उभ्या सुतातले दोन-दोन धागे एकदम उचलले गेले होते. शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात ती चूक. इतर कुणाच्या लक्षातही आली नसती. उसवायचं तर लगेच उसवायला हवं होतं, बोटभरच काम होतं. तिने कात्री घेतली आणि परत ठेवली.

येईल ना सुट्टीत, तिच्या मनात आलं. भिंगाला सापडेल. तोवर वर दीड हात विणून झालेलं असेल, म्हणजे तेवढं सगळं उसवावं लागेल. एकटीला जमायचं नाही, दुसरं माणूस धागे धरायला लागेल. चार दिवस सहज जातील, कदाचित आठ. आठ दिवस एका घरात राहिलं, एकमेकींच्या हातात हात घालून काम केलं, की मग काय सांगावं! हॉस्टेल काय, सोडताही येतं.

आणि तिने त्या चुकीवर दीड हात विणकाम चढवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने चूक झाकली नाही, सांभाळून ठेवली.

भिंग आली ती लहानशी बॅग घेऊन. केस कापले होते, उंची वाढली होती, हसताना तोंडावर हात घ्यायची नवी सवय लागली होती. घरमालकीणबाई धावत आल्या. "हीच का ती? अगं, तुझी खोली तयार ठेवून हिने माझा जीव खाल्लाय. मी म्हटलं, भाडेकरू ठेवू, तर म्हणते नाही, माझी मुलगी यायचीय." भिंग नम्रपणे हसली. वर जाऊन तिने खोली पाहिली, खाट पाहिली, टेबलावरचा दिवा लावून पाहिला. "छान आहे गं," म्हणाली. बॅग तिने खुर्चीवर ठेवली, उघडली मात्र नाही. उद्या चारची बस आहे, हे तिने फोनवरच सांगितलं होतं.

सकाळी रफूवाली फळीवर चढून मागामागे बसली. भिंग चहाचा कप घेऊन पुढच्या बाजूला आली. विणकाम संपून जिथे नुसते उभे धागे सुरू होत होते, तिथून रफूवालीला खाली उभ्या मुलीचा चेहरा दिसत होता.

"शोध," ती वरून म्हणाली.

"आई, काहीतरीच. मी काय लहान आहे आता?"

"शोध ना गं. दोन वर्षं आरशालाच विचारतेय."

भिंगाने कप खिडकीत ठेवला. थोडा वेळ ती चित्राकडे नुसती पाहत राहिली. "ही मी?"

"मग कोण?"

"मी अशी होते?"

"अश्शीच."

भिंग कपाकडे वळली. पण सवयच ती. तिने मान किंचित कलती केली, एक डोळा मिटला. नजर खालच्या कडेपासून निघाली. गालिचा ओलांडून, दिव्याच्या गोलातून, मुलीच्या पाठीवरून ती वर चढत आली. कोपरापाशी थबकली. रफूवालीने श्वास धरून ठेवला.

नजर सावकाश वर आली.

"नाही," भिंग म्हणाली. "काही नाही सापडलं. मस्त झालंय, आई."

"नीट बघ."

"बघितलं ना."

"कोपरापाशी बघ."

भिंगाने कप उचलला. चहा निवला होता, तरी एक घोट घेतला. "दिसलंय मला."

"मग सांगायचं की वेडे!" रफूवाली फळीवरच पुढे झुकली. "उसवू आपण. तू समोरून धागे धर, मी इकडून सोडवत येते. चार दिवसांत—"

"म्हणूनच नाही सांगितलं."

बाहेर सायकलवाला चाकात हवा भरत होता. पंपाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"तू ते मुद्दाम ठेवलंस ना?" भिंगाने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दोन धागे एकदम उचललेले तुला दुसऱ्या दिवशी कळले नसतील, असं होणारच नाही."

रफूवालीने हातातली फणी फळीवर ठेवली.

"एक विचारू? तू तेव्हा मला विचारलं होतंस, जाऊ का म्हणून. मी म्हटलं जा." ती धाग्यांआडून वर बघत होती. "मामीकडे पहिले सहा महिने मी हेच घोकायचे. आईला नसेल कळलं. आपणच बेमालूम बोललो असू, शेवटी रफूवालीची मुलगी. तुला कळलं असतं तर तू गेली नसतीस. असंच ना?"

अठरा वर्षं जिने भोकं भरली, तिला हे भोक किती सोपं आहे ते दिसत होतं. रंग जुळलेला होता, धागा पोरीनेच सुईत ओवून हातात दिला होता. "नाही गं, मला कुठे कळलं," एवढंच म्हणायचं. भिंगाला तेच ऐकायचं होतं. ती तेवढ्यावर आयुष्य काढायला तयार होती. पण उत्तर द्यायचं ते या डोळ्यांकडे बघत. आज ना उद्या, दहा वर्षांनी, या नजरेला ते सापडलंच असतं.

"कळलं होतं," रफूवाली म्हणाली. "तुझी नजर पेन्सिलीवर थांबली होती. मी पाहिलं होतं."

भिंग मान हलवत राहिली. हळू, लहानशी, कुणी पत्ता समजावून सांगितल्यावर हलवावी तशी.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली.

"मला माग हवा होता गं. खूप हवा होता."

"हो. माहितीये." तिने एकवार चित्राकडे पाहिलं, पालथ्या पडलेल्या मुलीकडे. "सुंदर झालंय, खरंच. हे मी उगाच नाही म्हणत."

ती वर गेली आणि बॅग घेऊन उतरली. चारची बस होती, पण एकचीही होती. रफूवाली स्टँडपर्यंत सोबत गेली. वाटेत दोघी बोलल्या, हॉस्टेलच्या जेवणाविषयी, मामाच्या गुडघ्याविषयी. बस लागली तेव्हा भिंगाचा हात सहज आईच्या खांद्याकडे गेला, तिथे लोकरीचा एक पुंजका चिकटला होता तो काढायला. काढून झाल्यावर त्याचं काय करावं तिला कळेना. तिने तो आईच्याच तळहातावर ठेवला आणि बसमध्ये चढली.

त्यानंतरही भिंग फोन करायची. रविवारी, ठरल्या वेळी. कधी चुकवला नाही, कधी आवाज चढवला नाही. परीक्षेचे मार्क सांगायची, आईची तब्येत विचारायची, आणि पाच-सहा मिनिटांत दोघींचंही बोलणं संपायचं. चित्र पुरं झालं. कोपर तसंच राहिलं. पुढे शहराच्या वाचनालयाने ते जिन्यातल्या भिंतीसाठी घेतलं, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या. कात्रण पाठवल्यावर भिंगाचं उत्तर आलं, "अभिनंदन आई!" रफूवालीने ते उद्गारचिन्ह बराच वेळ पाहिलं.

वरच्या खोलीचं मात्र तिने त्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. भिंग गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती मागच्या दारी गेली आणि म्हणाली, "वरची खोली द्या कुणाला द्यायची ती."

घरमालकीणबाईंनी तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. "बस," म्हणाल्या. "चहा टाकते." एवढ्या वर्षांत त्यांनी एवढंच बोलून ओळ संपवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी एक नर्स राहायला आली. तिला दिवसा झोपायचं असायचं, म्हणून खाट खिडकीपासून हलवायची होती. रफूवाली मदतीला वर गेली.

"खालून ठक ठक येतं ते तुमचंच ना?" नर्सने विचारलं.

"हो. त्रास होत असेल तर सांगा."

"छे, उलट झोप लागते." तिने गादीवर हात दाबून पाहिला. "अगदी नवीकोरी दिसतेय. कुणी वापरलीच नाही वाटतं?"

"एक रात्र," रफूवाली म्हणाली.

नर्सने तिच्याकडे पाहिलं. ड्यूटीवरून आलेली होती, दमलेली होती. ती वाकली आणि खाटेची पलीकडची बाजू धरली. मग रफूवालीनेही अलीकडची धरली.